ग्राहकांची माहिती नुसती भरून काय उपयोग

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

कोथरूडात माझं वॉटर प्युरिफायर सर्व्हिसिंगचं छोटं काम आहे, आणि हल्ली आपल्याकडचे बरेच दुकानदार सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी आणि फॉलो-अप सांभाळणारं सॉफ्टवेअर घेतात पण वापरतात फक्त नाव-नंबर साठवायला, म्हणून लिहितोय. अहो तेवढ्याला वही पुरते की!

खरा फायदा फॉलो-अपच्या रिमाइंडरचा. फोन ठेवायच्या आधीच पुढची तारीख टाकायची, आणि नोटमध्ये "नंतर बोलू" असलं काही न लिहिता "फिल्टर बदलायचाय, दुपारी ४ नंतर घरी असतात" असं नीट लिहायचं, म्हणजे दुसऱ्या मुलाने फोन उचलला तरी ग्राहकाला सगळं पुन्हा सांगत बसावं लागत नाही. माझ्याकडे एका आजींना हेच तीनदा सांगावं लागलं होतं, फार वाईट वाटलं मला.

जुनी यादी एक्सेलमधून चढवताना मोबाईल नंबरचा कॉलम आधी टेक्स्ट करून घ्या, नाहीतर ९१ लावलेले १२ आकडी नंबर ९.१९ई+११ असे दिसायला लागतात आणि तसेच सेव्ह झाले तर मूळ नंबर गेलाच समजा. एकच माणूस दोनदा आला असेल तर एक नोंद डिलीट करू नका, मर्ज करा म्हणजे दोन्ही एकत्र करा, जुनी हिस्टरी राहते.

आणि प्रत्येकाला सगळी यादी डाउनलोड करायची परवानगी कशाला? लोकांनी विश्वासाने नंबर दिलेत, २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही आलाय, एक्स्पोर्टची परवानगी मालकाकडेच ठेवा.

– एक व्यावसायिक, कोथरूड, पुणे