बदामीचा दगड नुसता 'लाल' नाही

संपादक महोदय,

सुट्टीत कर्नाटकातल्या बदामीची लेणी पाहायला गेलो होतो. तिथे कानावर येत होते एवढेच, की इथला दगड लाल आहे. पण तो लाल का, हे कुणी सांगावे असे फार वाटले.

हा वालुकाश्म मुख्यतः क्वार्ट्झच्या, म्हणजे आपल्या गारगोटीच्या कणांचा बनला आहे. जोडीला थोडे फेल्डस्पार हे खनिज. क्वार्ट्झ मुळात रंगहीन. लाली येते ती कणांभोवतीच्या हेमाटाइटच्या, लोहाच्या ऑक्साइडच्या, पातळ लेपामुळे. खांबांवरचे तिरपे पट्टे नीट पाहा. वाहत्या पाण्याने वाळूचे थर कसे रचले, याची ती नोंद आहे, आणि ती किमान ५४ कोटी वर्षे जुनी आहे! चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाच्या कारागिरांनी इसवी सन ५७८ मध्ये तिसरी गुहा पूर्ण केली ती या वाळूत. वेरूळ-अजिंठ्याचा काळा बेसाल्ट लाव्हाचा. त्याची जातकुळीच वेगळी.

भिंतींवर किल्लीने कोरलेली नावे पाहून जीव तुटतो. क्वार्ट्झ लोखंडाहून कठीण, त्यामुळे कणावर ओरखडा उठत नाही. पण कणांना बांधणारा लेप तुटतो आणि कणच गळून पडतो. तो परत बसवता येत नाही.

पायऱ्यांपाशी या दगडाची माहिती देणारा एक फलक कन्नड, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लावावा, ही पुरातत्त्व खात्याला कळकळीची विनंती.

– एक वाचक, सांगली