मेंदूचं चित्र छापा, पण प्रश्नपत्रिकाही दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला स्किझोफ्रेनियावरचा लेख वाचला. लेख तळमळीने लिहिलाय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते सोबतच्या चित्राबद्दल. निरोगी माणसाच्या मेंदूचा पुढचा भाग लाल-पिवळा, रुग्णाचा निळसर आणि खाली एक ओळ : ‘रुग्णाचा मेंदू असा मंदावतो.’ मी लातूरला मानसिक रुग्णांच्या स्मरण-अवधानाच्या चाचण्या घेते. चित्र छापून आल्यापासून नातेवाईक कात्रण घेऊन येतात आणि विचारतात, ‘मॅडम, आमच्या पोराचा पण असा फोटो काढावा का?’

तो फोटो नव्हेच. ते एफएमआरआय नावाच्या मेंदूच्या स्कॅनवरून तयार केलेलं चित्र आहे. हा स्कॅन विचार टिपत नाही. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथल्या रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण बदलतं, ते टिपतो आणि हा बदल पाच-सहा सेकंद उशिरा शिगेला पोचतो. यंत्रात झोपलेल्या माणसाला एक काम देतात, मग तुलनेसाठी दुसरं सोपं काम. दोन्हींची वजाबाकी करून जो फरक उरतो, त्याला रंग देतात. तेव्हा चित्र पाहून पहिला प्रश्न पडायला हवा तो हा, की त्या माणसाला काम काय दिलं होतं? आपल्या चित्राखाली तेवढंच नव्हतं.

हा तांत्रिक काथ्याकूट नाही. इंग्वार आणि फ्रॅन्झेन या संशोधकांनी १९७४ साली रुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या भागात रक्तप्रवाह कमी असल्याचं नोंदवलं. १९८६ मध्ये वाइनबर्गर यांच्या गटाने पत्ते लावण्याचं कोडं देऊन पाहिलं, तेव्हा निरोगी माणसांत जी वाढ दिसली ती रुग्णांत दिसली नाही. ‘मंदावलेला मेंदू’ इथून रूढ झाला. पुढे पडद्यावरची अक्षरं दोन घरं मागपर्यंत लक्षात ठेवायच्या चाचण्या आल्या आणि गंमत झाली. काम झेपण्याजोगं असेल आणि रुग्णाची उत्तरं निरोगी माणसाइतकीच बरोबर येत असतील, तेव्हा काही अभ्यासांत रुग्णाचा तोच भाग जास्त पेटलेला दिसला. न ओढवणारी गाडी जुंपली तर बैल जागीच उभा राहतो, त्यावरून खांद्यात जोर नाही असं कोणी म्हणत नाही. रुग्णाने काम सोडून दिलं असेल तर निळा रंग आजाराचा की हार मानल्याचा? म्हणून काम सोप्याकडून अवघडाकडे पायऱ्यापायऱ्यांनी द्यायचं आणि दोघांची कामगिरी सारखी असेल त्या पायरीवर तुलना करायची.

दुसरी अडचण चॅपमन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९७३ मध्येच दाखवली होती. रुग्ण बहुतेक चाचण्यांत थोडे मागे असतात. मग फरक ठळक दाखवू शकणारी कुठलीही चाचणी दिली, की ‘नेमकी हीच क्षमता गेली’ असा भास होतो. यातून सुटायची एक वाट मला फार आवडते. मराठी अक्षरांत सांगते. पडद्यावर एकामागून एक अक्षरं येतात, ‘क’ नंतर ‘म’ आला तरच ठरलेलं बटण दाबायचं. शंभरातल्या सत्तर जोड्या ‘क-म’च्याच ठेवतात, म्हणजे बोटाला सवय लागते. मग मधेच ‘ग’ नंतर ‘म’ येतो. आधीचं अक्षर मनात टिकलं नसेल तर ‘म’ दिसताच बटण दाबलं जातं. पण ‘क’ नंतर ‘ट’ आला, तर उलट तोच चुकतो ज्याने ‘क’ घट्ट धरून ठेवलाय, कारण तो ‘म’ची वाट पाहत असतो. गोळ्यांची सुस्ती, कंटाळा, अर्धवट झोप यांच्या चुका दोन्हीकडे पसरतात. संदर्भ धरून ठेवता येत नसेल तर त्या पहिल्याच प्रकारात साचतात. दोन अक्षरांमध्ये काही सेकंद सोडले की ‘धरून ठेवण्याच्या’ वेळची मेंदूतली हालचालही वेगळी काढता येते.

आता हे मराठवाड्यात करायचं म्हटलं तर? औसा-निलंग्याकडून येणारा चौथी शिकलेला माणूस अक्षर ओळखण्यातच दमतो. उदगीरच्या बाजूला घरात कन्नड, देगलूरला तेलुगू, कित्येक घरांत दखनी. सूचना पुस्तकी मराठीत दिल्या तर परीक्षा मराठीचीच होते. अक्षरांऐवजी ठिपक्यांच्या आकृत्या वापरणारी याच कामाची आवृत्ती आहे, आपल्याकडे तीच बरी. काही जण सुचवतात, आठवडी बाजारातली ओळखीची चित्रं वापरा. ऐकायला छान वाटतं, पण अतिओळखीचं काम सवयीने उरकतं आणि मोजायचं तेच निसटतं. यंत्रातल्या धडधडीने घाबरून डोकं जरा हललं तरी चित्र बिघडतं, तेव्हा सराव बाहेर, यंत्रासारख्या खोट्या बोगद्यात, बटण हातात देऊन व्हायला हवा.

आणि तुलनेला माणसं कोण? वसतिगृहातले मेडिकलचे विद्यार्थी नकोत. आजार ऐन शिकण्याच्या वयात गाठतो, म्हणून रुग्णाचं अपुरं शिक्षण हा आजाराचाच परिणाम असू शकतो. जोड लावताना आईवडिलांचं शिक्षण बघतात ते यामुळे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या रुग्णाची जोड तशाच घरातल्या निरोगी माणसाशी.

एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. गोळ्यांनी कानातले आवाज पुष्कळदा थांबतात. पण मग तोच मुलगा वडिलांच्या किराणा दुकानात बसतो आणि तीन गिऱ्हाइकं एकदम आली की गोंधळतो. घरचे त्याला आळशी म्हणतात. या अडचणीवर सध्याच्या औषधांचा फारसा उपयोग होत नाही. नवं औषध किंवा सराव उपयोगी पडतोय का, हे कळायला मोजमाप नेमकं हवं.

निदानासाठी मात्र या चित्राचा उपयोग नाही. स्किझोफ्रेनियाचं निदान रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून, वागणं पाहून होतं. डॉक्टर कधी साधा स्कॅन सांगतात तो गाठ वगैरे नाही ना हे पाहायला. कात्रण घेऊन येणाऱ्या एका आईने त्या रंगीत चित्रासाठी सोनं मोडायची तयारी केली होती. कृपया एवढा खुलासा छापावा, सोबत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्यावा आणि यापुढे असं चित्र आलं तर काम काय होतं, किती जणांना ते जमलं आणि तुलनेला कोण होतं, या तीन गोष्टी त्याखाली द्याव्यात.

आपली,
एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, लातूर