व्हिनेगर लावा म्हणता, पण किती पाण्यात?

मा. संपादक,
नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत केसांच्या नैसर्गिक निगेवर पानभर मजकूर आला होता. त्यात एक ओळ होती की शाम्पू झाला की केसांना अ‍ॅपल सायडर व्हिनेगर लावा, दहा मिनिटं ठेवा आणि धुऊन टाका. बास, एवढंच. पाणी किती घालायचं, मुळात घालायचं की नाही, कोणाच्या केसांना लावायचं, काहीच नाही. बाकी अर्धं पान चमक, मऊपणा, कोंडा जातो, केस वाढतात वगैरे.

माझी भाची एकोणीस वर्षांची, कुरळे केस, कर्ल्सचं वेड. तिने ती ओळ वाचली आणि तसंच केलं. बाटली उघडली, डोक्यावर ओतली, मोबाईलवर दहा मिनिटांचा टायमर लावला आणि वर टॉवेल गुंडाळून बसली. सहाव्या मिनिटाला ओरडत बाथरूममध्ये पळाली. मी तिथेच होते म्हणून बरं, डोकं नळाखाली धरून वीस मिनिटं नुसतं पाणी सोडलं. कानांच्या मागे आणि मानेवर, जिथे टॉवेल घट्ट बसला होता बरोब्बर तिथे, लालभडक पट्टे. दोन दिवस कंगवा लावू देत नव्हती. केसांना काही झालं नाही हो, केस मेलेलेच असतात, त्यांना काय दुखणार, त्वचा मात्र चांगलीच पोळली.

मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये 22 वर्षं असिस्टंट आहे, अ‍ॅसिडच्या बाटल्यांना लेबलं चिकटवण्यात आयुष्य गेलं म्हणा ना. आमच्याकडे पहिल्या दिवशी आलेल्या पोरालाही पहिला प्रश्न हाच शिकवतात की कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे पाण्यात अ‍ॅसिडचं प्रमाण, किती? म्हणून तो मजकूर वाचून डोकं फिरलं. व्हिनेगर म्हणजे पाण्यातलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, बाटलीत साधारण 5% असतं, पीएच (किती अ‍ॅसिडिक ते सांगणारा आकडा) अडीच ते तीनच्या आसपास. डोक्याच्या त्वचेचा पीएच साडेपाचच्या आसपास. पीएचची मोजपट्टी अशी आहे की एक आकडा खाली म्हणजे दहापट अ‍ॅसिडिक, त्यामुळे साडेपाच आणि अडीच यांत तीनचा फरक दिसतो तो प्रत्यक्षात हजारपटीचा असतो.

आणि "नैसर्गिक आहे, फळापासून बनतं, काय होणार" असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते. 2015 मध्ये एका मेडिकल जर्नलमध्ये 14 वर्षांच्या मुलीची हकीकत छापून आली होती, नाकावरचे तीळ काढायला तिने अ‍ॅपल सायडर व्हिनेगर लावलं आणि नाकाची त्वचा भाजली. पातळ केलेल्याचंही ऐका. 2019 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला, 22 जणांनी रोज दहा मिनिटं एक हात व्हिनेगरच्या पाण्यात बुडवायचा, चौदा दिवस. पाण्यात अ‍ॅसिड फक्त 0.5%, म्हणजे बाटलीतल्या व्हिनेगरला नऊपट पाणी. काहींना एक्झिमा होता, काहींची त्वचा ठणठणीत. त्वचेला फायदा काही दिसला नाही आणि 22 पैकी 16 जणांना जळजळ वगैरे त्रास झाला. नऊपट पाणी घालून ही गत, मग तुमची दहा मिनिटं बाटलीतून थेट!

आता कोणाला वाटेल ही बाई व्हिनेगरच्या विरोधात आहे. अजिबात नाही, मी स्वतः वापरते, आणि का वापरते तेच सांगायला बसलेय, कारण त्या पानात "का" कुठेच नव्हता.

केसाच्या बाहेरून खवल्यांसारखे थर असतात, एकावर एक चढवलेल्या कौलांसारखे, त्याला क्युटिकल म्हणतात. पीएच जसजसा वर जातो तसा केस फुगतो, ही कौलं थोडी उचलली जातात आणि केसावर निगेटिव्ह चार्ज वाढतो. सगळ्या केसांवर सारखाच चार्ज म्हटल्यावर ते एकमेकांना ढकलणार, झालं, फ्रिझ, म्हणजे केस पिंजारलेले. त्यात घर्षण वाढलं की कंगवा अडकतो, गाठी होतात, तुटतात. केसाचा चार्ज जवळपास शून्य होतो तो पीएच 3.67 ला. म्हणून अ‍ॅसिडिक पाण्याने शेवटचा हात फिरवला की केस बसतात, गुळगुळीत लागतात, त्यावर उजेड नीट पडतो आणि त्यालाच आपण चमक म्हणतो. पोषण बिषण काही नाही. रंध्रं बंद होतात असं पण छापलंय तुम्ही, अहो केसाला रंध्रं नसतातच!

साबणाचा पीएच 9 ते 10. 1930 च्या दशकात सिंथेटिक डिटर्जंटचे शाम्पू आले, त्याआधी डोकं साबणानेच धुवायचे. जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं, ते साबणाशी जुळून एक पांढरट मेणचट थर तयार होतो, बादलीच्या कडेला बसतो ना तोच. तो केसांवरही बसतो. केस जड, निस्तेज, बोटं फिरवली तर किर्र लागतात. व्हिनेगर तो थर फोडतं, कॅल्शियम विरघळून पाण्याबरोबर जातं. केटलच्या तळाला बसलेला पांढरा थर व्हिनेगरने निघतो तसाच प्रकार. म्हणजे ही रिन्स, व्हिनेगरच्या पाण्याचा हा शेवटचा हात, मुळात साबणाची जोडीदार आहे. आज जे साबणाची शाम्पू बार वापरतात किंवा शाम्पू सोडून बेकिंग सोड्याने केस धुतात (पीएच आठच्या वर, मी तरी नको म्हणेन) त्यांना तिचा खरा उपयोग आहे.

पण रोजच्या बाटलीतल्या शाम्पूचं काय? 2014 साली इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजीमध्ये ब्राझीलच्या डॉक्टरांनी 123 शाम्पूंचा पीएच मोजून छापला होता. 3.5 पासून पार 9 पर्यंत काहीही निघालं, साडेपाच किंवा त्याखाली असलेले जेमतेम 38%, सलूनमध्ये वापरतात त्यातले मात्र 75%. म्हणजे शाम्पू शाम्पूवर आहे. पण शाम्पूनंतर तुम्ही कंडिशनर लावत असाल तर तो बहुतेक वेळा अ‍ॅसिडिकच असतो आणि वर त्यात पॉझिटिव्ह चार्जचे पदार्थ असतात जे केसाला चिकटून राहतात. व्हिनेगर चिकटून राहत नाही, धुतलं की गेलं. त्यामुळे कंडिशनर फेकून द्या आणि व्हिनेगर आणा हा तुमचा सल्ला कोरड्या, कुरळ्या किंवा ब्लीच केलेल्या केसांच्या बायकांना महागात पडेल. भाचीचं नेमकं तेच होतं, तिचा शाम्पू पण ठीक होता आणि कंडिशनर पण, तिला व्हिनेगरची गरजच नव्हती! मी लॅबमधून पीएच पेपर आणून दोन्ही तपासून दाखवलं तेव्हा म्हणते, मावशी हे आधी सांगायचंस ना.

आता प्रमाण. मी एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिली, एक लिटर पाण्यात घालते. अ‍ॅसिड साधारण 0.075% होतं. बऱ्याच जणी एक कप पाण्यात एक चमचा घालतात, ते 0.3% होतं, काहींना चालतं, माझ्या डोक्याला झिणझिण्या येतात. इथे एक गंमत आहे जी मलाही आधी खरी वाटली नव्हती. पाणी घातलं की पीएच लगेच वर जातो असं आपण धरून चालतो, पण अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड वीक अ‍ॅसिड आहे, त्याचे रेणू पाण्यात अर्धवटच फुटतात, पातळ केलं की अजून थोडे फुटतात. मी डिस्टिल्ड वॉटर घेऊन मीटरवर पाहिलं, कपात चमचा घातला तर तीनच्या आसपास, लिटरमध्ये चमचा घातला तरी सव्वातीन साडेतीन. चौपट पाणी आणि फरक एवढासा. मग पातळ करून मिळतं काय तर अ‍ॅसिडचा एकूण साठा कमी होतो, त्वचेला कमी अ‍ॅसिड निस्तरावं लागतं. तेच जड पाण्यात घातलं तर पाण्यातलं बायकार्बोनेट काही अ‍ॅसिड खाऊन टाकतं आणि मीटर चारच्या वर जातो. त्यामुळे एकीचं प्रमाण दुसरीला जसंच्या तसं लागू पडेलच असं नाही. कमीपासून सुरू करायचं, जळजळलं तर थांबायचं.

अजून एक, जे कोणीच सांगत नाही आणि ज्याच्यामुळे निम्म्या बायका "मी करून बघितलं, केस तेलकट झाले" म्हणून सोडून देतात. साबण नीट धुतला गेला नसेल आणि वरून व्हिनेगर ओतलं तर अ‍ॅसिडने साबणाचं परत फॅटी अ‍ॅसिड होतं, म्हणजे केसांना सरळ मेणबत्ती चोळल्यासारखं. माझं पहिल्यांदा तसंच झालं होतं, मागच्या बाजूला मानेवरचे केस चिकट, बटा एकमेकींना धरून बसलेल्या, कंगव्याच्या दातांत पांढरा गाळ. परत सगळं पहिल्यापासून. तेव्हा आधी साबण पूर्ण काढा, मागचे केस उचलून खालून पाणी मारा, पाणी स्वच्छ पडायला लागलं की मगच रिन्स. आता मी मान मागे टाकून मग कपाळाच्या वरून हळू ओतते, डोळे घट्ट मिटून (डोळ्यात गेलं तर खूप वेळ साध्या पाण्याने धुवायचं, आणि त्रास राहिला तर डॉक्टरकडे), बोटांनी टोकांपर्यंत नेते. नीट झालं तर हाताला कळतं, किर्र करणारा केस एकदम घसरायला लागतो. मिनिटभर थांबते आणि साध्या पाण्याने धुते. पंधरा दिवसांतून एकदा, पुरतं. वास केस वाळेपर्यंत राहतो, नंतर उडून जातो, घरच्यांनी नाक मुरडलं तर मुरडू दे.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लावायचा नुस्खा पण त्या पानाच्या कोपऱ्यात होता, फसफसतं म्हणजे सफाई होते म्हणे. फसफसतं ते कार्बन डायऑक्साइड, मागे उरतं सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी, एकाने दुसऱ्याला मारलं आणि तुम्ही ते डोक्यावर ओतताय. तळाशी गढूळ "मदर" असलेलं व्हिनेगरच हवं हा आग्रह पण समजत नाही, मदर म्हणजे बॅक्टेरिया आणि त्यांनी विणलेलं सेल्युलोज. वर जे काम सांगितलं ते अ‍ॅसिडचं आहे, साध्या पांढऱ्या व्हिनेगरने तेच होतं. फक्त सफाईसाठी म्हणून विकतात ते डोक्याला नको, त्यात अ‍ॅसिड जास्त असू शकतं, लेबल वाचा.

केस वाढतात म्हणून जे छापलंय त्याला आधार नाही. फाटे फुटलेले जुळत नाहीत, कात्रीच लागते. कोंड्याचं म्हणाल तर त्यात मलासेझिया नावाच्या यीस्टचा हात असतो, त्याला केटोकोनाझोल, झिंक पायरिथिऑनचे शाम्पू आहेत, त्यांची परीक्षा झालेली आहे, व्हिनेगरची तशी झालेली नाही. आणि डोक्यात खाज, जखम, सोरायसिस, एक्झिमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अ‍ॅसिड कशाला ओतायचं. उवांसाठी तर नकोच, 2004 च्या एका अभ्यासात घरगुती उपाय तपासले होते त्यात व्हिनेगर सगळ्यात कुचकामी ठरलं.

संपादक, तुमच्या पानाने चूक मुद्दाम केली असं मी म्हणत नाही, कुठूनतरी उचललेला मजकूर भराभर लावला गेला असणार. पण पाककृतीच्या पानावर तुम्ही मीठ अर्धा चमचा की पाव चमचा ते छापता ना, मग अ‍ॅसिडचं प्रमाण का गाळता? पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच टाइपात, एक चौकट टाका की एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा, मिनिटभर, मग धुवा, थेट बाटलीतून नको. चार ओळी लागतील. मागच्या पानावर सुधारणा म्हणून बारीक अक्षरात टाकली तर भाचीच्या वयाच्या मुली ती वाचत नाहीत, हे घरात बघितलंय म्हणून सांगते.

आपली,
एक जुनी वाचक