राणीचा पती राजा का होत नाही?

संपादक महोदय,

युरोपातील राजघराण्यांच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात आणि वाचक त्या आवडीने वाचतात. मात्र राजाची पत्नी राणी म्हणवली जाते, पण गादीवर बसलेल्या राणीचा पती राजा म्हणवला जात नाही, असे का, हा प्रश्न त्या बातम्यांत नेहमी अर्धवट राहतो. राजाचे पद राणीपेक्षा मोठे मानले जाते, म्हणून पतीला ते देत नाहीत, एवढेच उत्तर बहुधा वाचायला मिळते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. माझे म्हणणे असे आहे की जोडीदाराचा किताब ही केवळ मानपानाची बाब नव्हे. सत्तेवर कोणाचा हात पोहोचू द्यायचा, याचा तो निर्णय असतो. निरनिराळ्या देशांनी तो त्या त्या वेळची निकड पाहून घेतला. आता तो स्त्री-पुरुष असा भेद न करता कायद्याने आधीच ठरवून टाकला पाहिजे.

इंग्लंडचेच उदाहरण पाहू. पहिल्या मेरीने १५५४ मध्ये स्पेनच्या फिलिपशी विवाह केला, तेव्हा तिच्या पतीला राजा हा किताब देण्यात आला होता. त्या काळच्या शिलिंगवर दोघांचे मुखवटे समोरासमोर कोरलेले आहेत आणि दोघांच्या वर मध्यभागी एकच मुकुट आहे. पण विवाहाच्या करारात आणि पार्लमेंटच्या कायद्यात अटी घातलेल्या होत्या. फिलिपने परकीयांना इंग्लंडमधील अधिकारपदांवर नेमू नये, आणि विवाह टिकेल तोवरच त्याचा किताब टिकावा. पत्नीची मालमत्ता पतीच्या ताब्यात जाते, ही त्या काळची रूढी होती. त्या रूढीने राणीबरोबर राज्यही परक्या राजाच्या पदरात पडेल, ही भीती या अटींच्या मुळाशी होती. मेरी १५५८ मध्ये निपुत्रिक वारली आणि फिलिपचे इंग्लंडमधील राजेपण त्याच दिवशी संपले.

ती भीती निराधार नव्हती, हे पुढे दिसले. १६८९ मध्ये दुसरी मेरी आणि तिचा पती तिसरा विल्यम यांना संयुक्तपणे गादी मिळाली, पण राज्यकारभाराचा अधिकार एकट्या विल्यमकडे राहिला. मेरी १६९४ मध्ये गेली, तरी तो १७०२ पर्यंत राज्य करीत राहिला. त्यानंतर गादीवर आलेल्या ॲन राणीचा पती, डेन्मार्कचा जॉर्ज, हा मात्र अखेरपर्यंत राजपुत्रच राहिला. तेव्हापासून ब्रिटनमध्ये राणीच्या पतीला राजा म्हटले गेलेले नाही. हा काही अनादि नियम नव्हे. दीडशे वर्षांत तीन प्रकार करून पाहिल्यावर तो स्थिरावला.

व्हिक्टोरिया राणीला आपल्या पतीला राजाचा किताब द्यायचा होता. पंतप्रधान मेलबर्न यांनी ते मानले नाही. १८४० मध्ये विवाह झाला तेव्हा ॲल्बर्टसाठी सुचवलेला पन्नास हजार पौंडांचा वार्षिक तनखाही पार्लमेंटने तीस हजारांवर आणला. ‘प्रिन्स कन्सॉर्ट’, म्हणजे राणीचा जोडीदार असलेला राजपुत्र, हा किताब त्याला १८५७ मध्ये राणीच्या सनदेने मिळाला, म्हणजे विवाहानंतर सतरा वर्षांनी. आणि चारच वर्षांनी तो वारला. दुसऱ्या एलिझाबेथचे पती फिलिप यांना तर तो किताबही मिळाला नाही. विवाहापूर्वी त्यांनी ग्रीस आणि डेन्मार्कचे राजपुत्रपद सोडले, विवाहाच्या वेळी ते एडिनबराचे ड्यूक झाले, आणि ब्रिटनचे राजपुत्र म्हणून त्यांची नेमणूक १९५७ मध्ये झाली. २ जून १९५३ च्या राज्याभिषेकात त्यांनी पत्नीपुढे गुडघे टेकून, तिच्या हातांत हात देऊन निष्ठेची शपथ घेतली आणि मग उठून मुकुटाला स्पर्श करून तिच्या गालाचे चुंबन घेतले. त्या प्रसंगाचे चित्रीकरण मी पाहिले आहे. राज्यकर्ता कोण आणि जोडीदार कोण, याविषयी ते पाहणाऱ्याच्या मनात शंका उरत नाही, आणि त्यात फिलिप यांचा कमीपणा झाला असे मला वाटत नाही.

कॅमिला यांची गोष्ट याच्या उलट दिशेने गेली. २००५ मध्ये चार्ल्स यांच्याशी विवाह झाला, तेव्हा ते राजे झाल्यावर त्या ‘प्रिन्सेस कन्सॉर्ट’ म्हणवल्या जातील असे जाहीर झाले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एलिझाबेथ राणीने त्यांना ‘क्वीन कन्सॉर्ट’ म्हटले जावे अशी इच्छा व्यक्त केली, आणि ६ मे २०२३ च्या राज्याभिषेकाच्या निमंत्रणपत्रिकेवर नुसते ‘क्वीन कॅमिला’ असे छापले गेले. अठरा वर्षांत एकाच व्यक्तीसाठी तीन नावे पुढे आली. यावर पार्लमेंटमध्ये मतदान झाले नाही. लोकमताचा अंदाज घेत घेत राजवाड्याने ते घडवले. १९३७ मध्ये, गादी सोडलेल्या आठव्या एडवर्डच्या पत्नीला ‘हर रॉयल हायनेस’ हा मान मिळू नये म्हणून खास सनद काढण्यात आली होती. तेव्हा पत्नीला पतीचा दर्जा आपोआप मिळतो, हेही पूर्ण खरे नाही. देणाऱ्याला द्यायचा असेल तेव्हाच तो मिळतो.

इतर देशांत आणखी वेगळी तऱ्हा दिसते. पोर्तुगालमध्ये राणीला अपत्य झाले की तिचा पती राजा होई. दुसऱ्या मारियाचा पती फर्डिनांड १८३७ मध्ये असाच राजा झाला. स्पेनमध्ये दुसऱ्या इसाबेलाचा पती राजा म्हणवला जात होता, पण १९८७ च्या राजाज्ञेने तेथे राजाच्या पत्नीला राणी आणि राणीच्या पतीला केवळ राजपुत्र असे ठरले आहे. सर्वांत दुःखद प्रकरण डेन्मार्कचे. मार्गारेठे राणीचे पती हेन्रिक यांना आपण राजा म्हणवले जात नाही, याची आयुष्यभर खंत राहिली. २०१६ मध्ये त्यांनी ‘प्रिन्स कन्सॉर्ट’ हा किताबही सोडला, आणि पुढच्या वर्षी, आपल्याला बरोबरीचा किताब मिळाला नाही म्हणून राणीशेजारी रॉस्किल्डच्या कॅथेड्रलमध्ये दफन होणार नाही, असे जाहीर केले. २०१८ मध्ये ते वारले. त्यांची निम्मी रक्षा समुद्रात सोडण्यात आली आणि निम्मी राजवाड्याच्या बागेत ठेवण्यात आली. पन्नास वर्षांच्या संसारानंतर नवरा-बायकोची विश्रांतीची जागा एका किताबापायी वेगळी व्हावी, हे वाचून मला फार वाईट वाटले. लग्नाच्या वेळीच हे कायद्याने स्पष्ट असते आणि सुनेलाही तोच नियम असता, तर त्यांची तक्रार उभीच राहिली नसती. त्यांच्याच मुलाची पत्नी १४ जानेवारी २०२४ रोजी, पती गादीवर येताच, डेन्मार्कची राणी झाली.

हे सगळे दूरचे आहे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पण आपल्या किनाऱ्याचा या विषयाशी जुना संबंध आहे. मुंबईची बेटे १६६१ च्या करारान्वये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सकडे आली, ती पोर्तुगालच्या राजकन्येच्या, ब्रागान्झाच्या कॅथरिनच्या, हुंड्यातून. कॅथरिन कॅथलिक असल्यामुळे इंग्लंडमध्ये तिचा राज्याभिषेक कधी झाला नाही, तरी ती राणीच मानली गेली. रायगडावर मात्र गोष्ट विधीने ठरली. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकापूर्वी शिवाजी महाराजांनी आपल्या राण्यांशी पुन्हा समंत्रक विवाह केला, आणि अभिषेकाच्या वेळी पट्टराणी म्हणून सोयराबाई त्यांच्याजवळ बसल्या. महाराजांना राण्या अनेक होत्या, पट्टराणी एकच. म्हणजे तो मान केवळ लग्नाने आलेला नव्हता, तो जाणूनबुजून एकीला दिला गेला होता.

याच किनाऱ्याने दक्षिणेकडे गेले की त्रावणकोर लागते, आणि तिथली रीत पाहिली की राजाची बायको ती राणी, हा समजच ढासळतो. तिथे गादी मामाकडून भाच्याकडे जाई. महाराजांची पत्नी नायर घराण्यातून येई, तिला ‘अम्मची’ म्हणत, आणि तिच्या मुलांना गादीवर हक्क नसे. राणी म्हणजे महाराजांची बहीण किंवा भाची. तिचा पती ‘कोयिल तंपुरान’ म्हणून ओळखला जाई, तोही राजा नव्हे. १८१० मध्ये गौरी लक्ष्मीबाई गादीवर आल्या तेव्हाही त्यांचे पती तंपुरानच राहिले. जोडीदार पुरुष असो की स्त्री, लग्नाने राजपद मिळत नाही, हा नियम तिथे दोन्ही बाजूंना सारखा लागू होता. युरोपातील एकाही घराण्याला तो इतका सरळ जमलेला नाही, आणि आपल्याकडे त्याची चर्चाही होत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. याउलट भोपाळमध्ये शाहजहाँ बेगमांचे पती सिद्दीक हसन खान यांना नवाब हा किताब मिळाला खरा, पण त्यांचा प्रभाव वाढतो आहे असे वाटताच इंग्रज सरकारने १८८५ मध्ये तो काढून घेतला.

किताब आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हा कोकणवासीयांना सावंतवाडीत जवळून दिसते. १९३७ मध्ये पंचम खेमराज ऊर्फ बापूसाहेब महाराज वारले तेव्हा युवराज शिवरामराजे लहान होते, म्हणून राणी पार्वतीदेवींनी संस्थानचा कारभार पाहिला. त्यांच्या नावाची शाळा आजही शहरात आहे. पती हयात असताना त्या राणीच होत्या, पण कारभार हाती आला तो अल्पवयीन राजाची आई या नात्याने. आमच्या रत्नागिरीत ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत नजरकैदेत होता. त्याची पट्टराणी सुपायालत ही स्वतः राजा मिंडोनची मुलगी, म्हणजे जन्मानेही राजकन्या. राज्य गेल्यावर दोघांच्या किताबांना सत्तेचा आधार उरला नाही. लोकांनी मात्र ते तोंडी जपले. आपल्याकडे १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे संपले, तरी राजेसाहेब आणि राजमाता हे शब्द सावंतवाडीत अजून आदराने उच्चारले जातात. त्यात गैर काही नाही, कारण त्या आदरातून कोणाला अधिकार मिळत नाही.

आता हा प्रश्न पुन्हा उभा राहणार आहे. स्वीडनची व्हिक्टोरिया, नेदरलँड्सची कॅथरिना-अमालिया, बेल्जियमची एलिझाबेथ आणि स्पेनची लिओनोर या चौघी आज आपापल्या देशांच्या गादीच्या पहिल्या वारस आहेत. त्यांचे पती काय म्हणवले जाणार? पतींनाही राजा म्हणावे, अशी सूचना काही जण करतात. मला ती पटत नाही. राजा या शब्दाबरोबर राज्य करण्याचा अर्थ लोकांच्या मनात इतका घट्ट बसलेला आहे की गादीवरची स्त्री पुन्हा पतीच्या सावलीत जाईल. विल्यम आणि मेरीचा इतिहास तेच सांगतो. त्यापेक्षा पुढच्या पिढीपासून राजांच्या पत्नींनाही राणीऐवजी राजपत्नीचा वेगळा किताब द्यावा आणि तोच नियम पतींना लावावा. असे केल्याने स्त्रियांकडचा एक मान काढून घेतला जातो, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पण जो मान केवळ नवरा गादीवर आहे म्हणून मिळतो, तो गेल्याने स्त्रीचे नुकसान होते असे मला वाटत नाही. उलट स्वतःच्या हक्काने गादीवर बसणारी राणी आणि विवाहाने राणी म्हणवली जाणारी स्त्री यांच्यातला फरक त्यामुळे ठळक होईल. आज राणी असलेल्यांचा किताब अर्थात काढू नये. नियम पुढच्या विवाहांपासून लागू करावा.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती आहे. अशा बातम्या छापताना संबंधित व्यक्ती स्वतःच्या हक्काने गादीवर आहे की विवाहामुळे किताब धारण करते, हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे, आणि किताब कोणत्या कायद्याने, सनदेने किंवा रूढीने मिळाला, याची एक ओळ जोडावी. शिवाय त्रावणकोरची रीत आणि आपल्या संस्थानांमधील राण्यांचे अधिकार यांवर एखाद्या इतिहास अभ्यासकाकडून रविवारच्या पुरवणीत सविस्तर लेख लिहवून घेतल्यास आमच्यासारख्या वाचकांची मोठी सोय होईल.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, रत्नागिरी