मृतदेहांच्या प्रदर्शनात संमतीची नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बर्लिनला मुलाकडे गेले असता अलेक्झांडरप्लाट्झच्या टीव्ही टॉवरच्या पायथ्याशी असलेले ‘क्योर्परवेल्टन’ हे जतन केलेल्या मानवी देहांचे प्रदर्शन पाहिले. हायडेलबर्ग विद्यापीठात गुंथर फॉन हागेन्स यांनी १९७७ मध्ये शोधलेल्या प्लास्टिनेशन पद्धतीत देहातील पाणी व चरबी अ‍ॅसिटोनच्या साहाय्याने काढून तेथे निर्वात स्थितीत सिलिकोन भरतात. त्यामुळे देह कुजत नाही आणि त्याला दुर्गंधीही येत नाही. केवळ रक्तवाहिन्यांच्या, केसाएवढ्या बारीक लाल धाग्यांच्या जाळ्यातून उभा राहिलेला मानवी आकार मी बराच वेळ न्याहाळला. निरोगी फुप्फुसाशेजारी धूम्रपानाने काळवंडलेले फुप्फुस ठेवलेले होते. शाळकरी मुलांना हे अवश्य दाखवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र अशा सर्वच प्रदर्शनांविषयी असे म्हणवत नाही. हागेन्स यांची संस्था दात्यांकडून हयातीतच लेखी संमती घेते. याउलट न्यूयॉर्कमध्ये २००५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या एका कंपनीच्या प्रदर्शनातील देह चीनमधून आणलेले होते आणि ते मृत्युदंड दिलेल्या कैद्यांचे नाहीत याची स्वतंत्र खातरजमा आपण करू शकत नाही, हे त्या कंपनीला २००८ मध्ये राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलशी झालेल्या समझोत्यानुसार प्रेक्षकांना सांगणे भाग पडले. पॅरिसमधील अशाच एका प्रदर्शनावर तर न्यायालयाने २००९ मध्ये बंदी घातली. ज्याला जिवंतपणी कोणी विचारले नाही आणि मेल्यावर जो नकार देऊ शकत नाही, त्याच्या देहावर तिकीट लावणे मला सर्वथा अमान्य आहे, मग त्यातून कितीही ज्ञान मिळो.

आपल्याकडे १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्यानुसार बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना देता येतात. भावी डॉक्टरांच्या अभ्यासासाठी ते योग्यच आहे, परंतु ज्याला न्यायला कोणी आले नाही, त्याचा देह सार्वजनिक प्रदर्शनात कधीही मांडला जाऊ नये. देहदात्यांच्या बाबतीतही इच्छा नेमकी काय होती, याची नोंद हवी. मी स्वतः देहदानाचा अर्ज भरला आहे आणि त्यात विच्छेदनापलीकडचा एकही प्रश्न नव्हता. अध्यापन, संग्रहालयात अवयवांचे जतन आणि जनतेसाठी प्रदर्शन यांकरिता अर्जात स्वतंत्र रकाने असावेत, तसेच बाहेरून येणाऱ्या कोणत्याही प्रदर्शनाला प्रत्येक देहाचे संमतिपत्र तपासल्याखेरीज परवानगी देऊ नये, अशी शासनाच्या वैद्यकीय शिक्षण विभागाला माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे