मंदारला पत्र : माप एक, झेड दोन

नागपूर

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

मुक्ताच्या इकोचे (हृदयाच्या सोनोग्राफीचे) दोन्ही रिपोर्ट वाचले. कोरोनरी, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणारी वाहिनी, दोन्हींत 2.4 मिलिमीटरच, पण एकात झेड-स्कोअर 2.4 आणि दुसऱ्यात 2.7. कावासाकीत (लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा तो आजार) अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2017 च्या निकषांनुसार झेड 2 ते 2.5 च्या आत असेल तर नुसतं रुंदावणं, 2.5 पासून छोटा अ‍ॅन्युरिझम, म्हणजे वाहिनीला आलेला फुगा. तो शब्द वाचून वहिनींची झोप उडाली असणार.

मोठ्या माणसाच्या 2.4 मिलिमीटरकडे 'फुगलीय का' म्हणून कुणी ढुंकूनही पाहणार नाही. सव्वादोन वर्षांच्या मुक्ताच्या मापाकडे मात्र पाहावं लागतं. म्हणून तिच्याएवढ्या अंगाच्या निरोगी मुलांची सरासरी घ्यायची आणि तिचं माप त्यापासून किती प्रमाण विचलनं (निरोगी मुलांत एरवी जेवढा फरक असतो त्याचं एकक) लांब आहे ते मोजायचं. झेड तो एवढाच. आता ती सरासरी बोस्टनच्या मुलांवरून काढलेली की कॅनडातल्या, यावर उत्तर थोडं हलतं. कोणतं सूत्र वापरलं ते रिपोर्टवर छापायला काय जातं? कित्येकदा छापत नाहीत, आणि आईबाप रात्रभर जागे.

माप सरळ अंगाच्या पृष्ठफळाने का भागत नाहीत, असं विचारलंस. पृष्ठफळ चौपट झालं तरी वाहिनीची रुंदी साधारण दुप्पटच होते. ती वर्गमुळाच्या चालीने वाढते. सरळ भागलं तर प्रत्येक तान्ह्या बाळाची वाहिनी फुगलेली ठरेल!

खरी गोची वजन-उंचीत. तू कळवलंस 12 किलो, 88 सेंटीमीटर. दोन्हींच्या गुणाकाराला 3600 ने भाग, वर्गमूळ काढ : पृष्ठफळ 0.54 चौरस मीटर. घाईत कुणी 12 चे 21 केले तर 0.72. म्हणजे अपेक्षित रुंदी 15 टक्क्यांनी वाढली, आणि खरोखर रुंदावलेली वाहिनी कागदावर नॉर्मल! लठ्ठ मुलांतही असाच चकवा होतो. चरबीने वजन चढतं, हृदय त्या मानाने वाढत नाही. (मुक्ताला ही भीती नाही, तिला जेवू घालणं हाच तुमचा उद्योग.)

पुढचा इको शक्यतो एकाच ठिकाणी, त्याच सूत्राने करा. पोरगी रडली म्हणून अंदाजे वजन लिहू देऊ नकोस, काट्यावर ठेवायला लाव. अ‍ॅस्पिरिन डॉक्टर सांगेपर्यंत चालू ठेव. मधे फ्लू किंवा कांजिण्या आल्या तर मात्र लगेच त्यांना फोन कर. आणि दोन्ही रिपोर्टांवर वजन-उंची काय लिहिलीय त्याचा फोटो आजच पाठव. तू पाठवलेल्या पानांत नेमका तोच कोपरा कापला गेलाय.

तुझा,
अभय