पासाऊ ते व्हिएन्ना, एवढंच बाबा!

प्रिय आई आणि बाबा,

बाबा, तुमचा व्हॉट्सॲपवरचा नकाशा मिळाला, तो लाल रेघ मारलेला, जर्मनीतल्या डोनाउएशिंगनपासून डॅन्यूबच्या काठाने सायकलवर थेट काळ्या समुद्रापर्यंत. अहो २८५० किलोमीटर नदी आहे ती, दहा देश लागतात, रोज ५० धरले तरी दोन महिने जातील आणि मला सुट्टी आहे दोन आठवडे. शिवाय सर्बिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, नाही, म्हणजे मधेच बाहेर पडून परत आत यायचं तर मल्टिपल एंट्रीचा व्हिसा लागणार. तुम्हाला ते सर्बिया-रोमानियाच्या सीमेवरचं आयर्न गेट धरण बघायचंय हे मला माहितीये, पण तिकडच्या रस्त्याला बोगद्यांमागून बोगदे आहेत आणि त्यातून तुम्ही सायकल चालवताय हे इमॅजिन करूनच मला घाम फुटतो. तर नाही. आपण जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना करायचं, साधारण सव्वातीनशे किलोमीटर, सात दिवस, आणि आईला घेऊन.

हा तुकडा मी नीट बघून निवडलाय. पूर्वी जहाजं प्रवाहाच्या उलट न्यायची तर काठावरून घोडे दोर ओढत चालायचे, त्या घोड्यांच्या वाटेवरच आता बराचसा डांबरी सायकल ट्रॅक आहे, त्यामुळे चढ जवळपास नाहीच. आई तू फोनवर विचारत होतीस ना ट्रक असतात का, तर बहुतेक ठिकाणी गाड्यांचा रस्ता वेगळाच आहे, गावात शिरलं की तेवढं सांभाळायचं. वारा पण बहुतेकदा पश्चिमेकडून असतो, म्हणजे पाठीवर, म्हणून तर सगळे व्हिएन्नाच्या दिशेने जातात.

म्युनिकहून पासाऊ रेल्वेने दोन-अडीच तास. बाबा, तिथे अर्धा दिवस फक्त तुमच्यासाठी ठेवलाय. डॅन्यूब, इन आणि इल्झ तिन्ही तिथेच भेटतात, इन हिमनद्यांचं पाणी आणते म्हणून हिरवट, इल्झ दलदलीतून येते म्हणून काळपट, आणि संगमाच्या टोकावर उभं राहिलं की रंग वेगळे दिसतात. गंमत म्हणजे इनला पाणी डॅन्यूबपेक्षा जास्त असतं, त्यावर तुम्ही मला तासभर ऐकवणार हे मी धरूनच चाललेय. तिथल्या टाऊन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्यात, अगदी १५०१ सालापासूनच्या. जून २०१३ ला पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं, म्हणजे १५०१ नंतरचं सगळ्यात जास्त. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आपण तासातासाला आकडा बघत बसलो होतो ना, त्या भिंतीखाली उभं राहिल्यावर मला तेच आठवलं आणि मी खूप वेळ मान वर करून बघत बसले.

पुढे श्लोगनला नदी जवळजवळ उलटी फिरते, आणि उत्तर काठावर थोड्या अंतरात रस्ताच नाही, डोंगर थेट पाण्यात उतरलेला, तिथे छोटी होडी सायकलींसकट नेते. मग लिंझ, ग्राइन, मेल्क, क्रेम्स, टुल्न. रोजचे ३५ ते ६० किलोमीटर. वाटेत योखेनस्टाइन आणि इब्स-पेर्सेनबोइगचे जलविद्युत प्रकल्प आहेत, इब्सचा १९५९ ला पूर्ण झालेला, जहाजांना वर-खाली नेणारे लॉक दोन्हीकडे, तिथे एक तास ठीक आहे पण चार तास नाही. माउटहाउझेनला नाझींची छळछावणी होती, तिथे स्मारक आहे. ते टेकडीवर आहे आणि मनाला फार लागतं, तेव्हा जायचं की नाही ते तिथे गेल्यावर बघू.

आता ई-बाइक. ‘बॅटरीची सायकल म्हणजे सायकलच नव्हे’ हे तुमचं वाक्य मी आधीच ऐकून ठेवलंय. पायडल मारल्याशिवाय ती हलत नाही बाबा, आणि ताशी २५ किलोमीटरच्या वेगाला मोटर आपोआप बंद होते, लायसन्स पण लागत नाही. गुडघा तुमचा आहे, सायकल भाड्याची आहे, व्हिएन्नात परत करायची आहे. यावर चर्चा नको.

आई, तू रोज सायकल चालवायची नाहीये. अमेयला सायकलवर बसवणं माझ्याच्याने झालं नाही, तर तो सामान घेऊन रेल्वेने आणि बोटीने येणार, तू त्याच्याबरोबर. जावयाला बॅगा उचलायला कशाला लावायच्या वगैरे सुरू करू नको, त्याला चालतंय, उलट त्याला कॉफी प्यायला सोबत मिळेल. फक्त एक दिवस तू माझ्यासोबत यायचंस, मेल्क ते क्रेम्स, साधारण ३६ किलोमीटर. सगळ्यात सुंदर भाग तोच, दोन्हीकडे द्राक्षांचे मळे, जर्दाळूच्या बागा, आणि ड्युर्नस्टाइनचा पडका किल्ला जिथे इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत होता. तुझ्यासाठी मधला दांडा नसलेली सायकल बघून ठेवलीये, ड्रेसवर आरामात चालवता येते. विलिंग्डन कॉलेजला सायकलवर जायचीस म्हणून सगळ्यांना सांगत असतेस ना, मग चल. अर्ध्यात कंटाळलीस तर वाटेतल्या धक्क्यावरून बोट पकडू, ती सायकली पण घेते.

खाण्याचं म्हणशील तर जर्दाळू घालून उकडलेले गोड गोळे मिळतात, मारिलेनक्नोडल, आपल्या उकडीच्या मोदकाच्या जवळपासचा प्रकार. बाकी चीज आणि बटाटा, त्यामुळे भाजणी, मेतकूट आण. तूप आणि पेढे मात्र आणू नको, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे, एअरपोर्टवर काढून फेकतात.

सप्टेंबरात हवा चांगली असते पण गणपती सोडून तू येणार नाहीस, म्हणून जून. आंबे संपवा आणि या. तेव्हा रात्री नऊपर्यंत उजेड असतो, घाई करायला नको.

बाबा, आजपासून रोज सकाळी हरिपूरपर्यंत सायकल, आधी डॉक्टरांना विचारून, आणि शुगरचे रिपोर्ट मला पाठवा, ‘नॉर्मल आहे’ एवढंच नको, फोटो पाहिजे. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा इन्शुरन्स लागतो तो मी इथून काढते. पासपोर्टची पहिली आणि शेवटची दोन्ही पानं स्कॅन करून पाठवा, मागच्या वेळेसारखा ट्यूबलाइटखाली काढलेला तिरका फोटो नको. आणि आईची उंची सेंटीमीटरमध्ये कळवा, सायकल बुक करायचीये.

तुमची,
मनू